दुकानासाठी रिव्हॉल्व्हर, घरात वडिलांची दुनळी

प्रश्न

नमस्कार सर,

सांगली जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी आमचं छोटं सराफी दुकान आहे. माझं वय ४४. दुकानात मी, बायको आणि एक कामगार. २०२३ च्या जूनमध्ये सांगली-मिरज रस्त्यावर मोठा दरोडा पडला, तेव्हापासून भीती बसली ती बसलीच. त्यात दोन महिन्यांपूर्वी आमच्याच पेठेत एका व्यापाऱ्याची रोकड रात्री शटर ओढताना हिसकावून नेली. झोप उडाली आहे. परवाना काढून शस्त्र घ्यायचं ठरवलंय. पुण्याचा मित्र म्हणतो नाइन एमएमचं ग्लॉक घे. दुसरा म्हणतो रिव्हॉल्व्हरच बरं. तिसरा म्हणतो, परवान्याच्या भानगडीत कशाला पडतोस, माल आणून देतो. वडिलांच्या नावावर मळ्यासाठी घेतलेली बारा बोअरची दुनळी आहे, ती कपाटावर असते. वडील ७६ वर्षांचे आहेत, अलीकडे विसरायला लागलेत. मला परवाना मिळेपर्यंत ती दुनळी दुकानात ठेवली तर चालेल का? मुलगा यंदा बारावीला आहे. बायकोचा या सगळ्याला विरोध आहे. कोणतं शस्त्र घ्यावं आणि ते गल्ल्याखाली ठेवावं की अंगावर, ते सांगा.

एक सराफ

उत्तर

नमस्कार.

तुमच्या पत्रात चार शस्त्रं आहेत. ग्लॉक, रिव्हॉल्व्हर आणि मित्राचा माल अजून तुमच्या दारातही आलेले नाहीत. चौथं घरात आहे आणि कुलपाबाहेर आहे. ते ज्यांच्या नावावर आहे त्यांना विसर पडायला लागलाय, आणि त्याच छताखाली बारावीच्या वर्षाचा मुलगा आहे. तेव्हा रिव्हॉल्व्हरचं नंतर बघू, आधी दुनळीचं बोलू.

ती दुकानात नेता येणार नाही. परवाना वडिलांचा आहे, तुमचा नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यातलं कलम ३ दुसऱ्याचं शस्त्र हाताळायला फार थोडी मुभा देतं. परवानाधारक स्वतः समोर हवा किंवा त्याची लेखी परवानगी हवी, आणि कारणही दुरुस्ती, परवान्याचं नूतनीकरण किंवा त्या परवानाधारकाचा स्वतःचा वापर यांपैकीच हवं. मुलाने वडिलांची बंदूक आपल्या गल्ल्यामागे उभी करणं यातल्या कशातच बसत नाही. उद्या पोलिसांनी विचारलं तर तुमच्यावर विनापरवाना शस्त्र बाळगल्याचा गुन्हा आणि वडिलांवर परवान्याच्या शर्ती मोडल्याचा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बंदूक बाळगल्यास किमान दोन आणि जास्तीत जास्त पाच वर्षं कैद आहे.

कायदा बाजूला ठेवला तरी मला जास्त काळजी वडिलांच्या विसराळूपणाची वाटते. विसर पडू लागलेला माणूस रात्री उठतो, घरातल्याच माणसाला ओळखत नाही, चोर शिरलाय असं त्याला खरंच वाटतं. अशा वेळी हात सवयीच्या जागी जातो. तुमच्या वडिलांनी चाळीसेक वर्षं रानडुकरांना हुसकवायला ती बंदूक उचलली असेल, तर तिची जागा ते सगळ्यात शेवटी विसरतील. मुलाबद्दलही स्पष्टच लिहितो. तुमच्या मुलात काही खोट आहे असं मी सुचवत नाही. पण त्या वयात निकालाच्या किंवा कसल्याशा अपमानाच्या भरात येणारा जिवावरचा विचार पुष्कळदा थोड्या वेळाचा असतो. तो निघून जाईपर्यंत हाताशी बंदूक नसली की पोरगं वाचतं.

या आठवड्यात एवढं करा. वडिलांचा परवाना काढून त्याची मुदत बघा आणि त्यावर यूआयएन, म्हणजे राष्ट्रीय नोंदणीतला ओळख क्रमांक, आहे का ते बघा. तो नसेल तर परवानाच वैध धरत नाहीत, आणि जुन्या शेतसंरक्षण परवान्यांत ही भानगड खूप सापडते. मग पोलीस ठाण्यात किंवा शस्त्रं जमा करून घेण्याची परवानगी असलेल्या विक्रेत्याकडे आधी फोन करून सांगा की बंदूक जमा करायला आणतोय. नेताना वडील सोबत हवेत, परवाना हातात हवा, बंदूक रिकामी आणि कव्हरमध्ये हवी, काडतुसं वेगळ्या पिशवीत. जमा केल्याची पावती घ्या. आचारसंहितेच्या काळात वडिलांनी ती ठाण्यात जमा केली असेलच, त्यामुळे हा रस्ता त्यांना नवा नाही. त्यांना वाईट वाटेल. 'नूतनीकरणापर्यंत तिथे राहू दे' असं सांगितलंत तरी चालेल, ते खोटंही नाही.

बंदूक रिकामी आहे हे गृहीत धरू नका. कपाटावरच्या दुनळीत एका नळीत काडतूस राहून गेलेलं अनेकदा निघतं. खोलीत दुसरं कोणी नको. नळीचं तोंड कोणाकडे नको, शेजारच्या भिंतीकडेही नको, कारण पलीकडे माणसं आहेत. मातीच्या अंगणाकडे धरा. बोट चापापासून लांब ठेवून वरचा खटका बाजूला सारलात की नळ्या खाली झुकतात आणि दोन्ही भोकं समोर येतात. डोळ्यांनी बघा, मग बोट घालून बघा. हे आधी कधी केलं नसेल किंवा खटका अडकला असेल तर जोर लावत बसू नका. बंदुकीला हात न लावता खोलीला कुलूप घाला आणि जाणकाराला घरी बोलवा. फुगलेली, हिरवट चढलेली जुनी काडतुसं उडवून बघायची नाहीत, तीही जमा करायची.

ही बंदूक घराण्यातून जाईल अशी भीती नको. २०१६ च्या शस्त्र नियमांत सोय आहे. परवानाधारकाने वयाची सत्तरी गाठली किंवा शस्त्र पंचवीस वर्षं बाळगलं की त्याच्या हयातीतच वारसाला त्या शस्त्रासाठी परवाना मागता येतो. वडील ७६ चे आहेत. तुम्ही अर्ज करू शकता. फक्त २०१९ पासून एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात, वारशाने आलेली धरून, हे लक्षात असू द्या.

आता मित्रांचे सल्ले.

माल आणून देणाऱ्याशी या विषयावर पुन्हा बोलूच नका. महाराष्ट्र-मध्य प्रदेश सीमेवरच्या उमर्टी भागातून येणाऱ्या गावठी पिस्तुलांच्या बातम्या आपण वर्षानुवर्षं वाचतो. तसलं पिस्तूल आधी कोणत्या गुन्ह्यात वापरलं गेलंय हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं, आणि ज्या पोलादाची नळी केलेली असते ती किती दाब सोसेल हे बनवणाऱ्यालाही नाही. दरोडेखोराऐवजी तुमचाच पंजा जायचा. शिवाय ते वापरून तुमचा जीव वाचला तरी दुसऱ्या दिवशी आरोपी तुम्हीच.

ग्लॉकवाल्या मित्राने बहुतेक परदेशी व्हिडिओ पाहिलेत. नाइन एमएम हा आपल्याकडे निषिद्ध बोअर (म्हणजे नळीचं माप) आहे, सामान्य नागरिकाला त्याचा परवाना मिळत नाही. सर्वसामान्यांसाठी परदेशी हत्यारांची आयात १९८० च्या दशकाच्या मध्यापासून बंदच आहे. तुमच्यासमोर पर्याय आहे तो पॉइंट ३२ चा, रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल, आणि लांब शस्त्रात बारा बोअर.

ते सांगण्याआधी तुमच्यावर हल्ला कसा होईल ते बघू, कारण शस्त्र त्यावरून ठरतं. सांगली-मिरज रस्त्यावरच्या त्या दागिन्यांच्या दालनात दरोडेखोर भरदिवसा, पोलीस असल्याचं सांगून आत शिरले होते. त्याच आठवड्यात कोल्हापूरजवळ बालिंग्यात सराफी दुकान लुटलं ते गोळीबार करून. दोन्हीकडे टोळी होती, हत्यार आधी त्यांनी काढलं होतं आणि वेळ त्यांनी निवडली होती. तुम्ही एकटे, समोर तराजू, हातात भिंग, बाजूला वहिनी. अशा क्षणी तुमचा हात गल्ल्याखाली गेला तर समोरचा काय करेल याचा विचार करा. तुम्ही अलार्म दाबताय की रिव्हॉल्व्हर काढताय हे तो विचारत बसणार नाही. बेसावध माणसावर पिस्तूल रोखलं गेल्यावर स्वतःचं काढून जिंकणं हे रोज सराव करणाऱ्या जवानालाही अवघड जातं. मी फौजेत बरीच वर्षं शस्त्रं शिकवली आणि आता रायफल क्लबवर नवशिक्यांना शिकवतो. माझं मत असं की भरल्या दुकानात, ग्राहकांमध्ये, समोर दोन-तीन हत्यारबंद माणसं असताना तुमच्या रिव्हॉल्व्हरने तुमचं संरक्षण होण्यापेक्षा गोळीबार सुरू होण्याची शक्यता जास्त. तिथे सोनं द्यायचं. त्यासाठी विमा असतो. सराफांसाठीची ज्वेलर्स ब्लॉक पॉलिसी काढली नसेल तर रिव्हॉल्व्हरच्या पैशात आधी ती काढा. काढली असेल तर शोकेसमधला माल, तिजोरीतला माल आणि वाहतुकीतला माल या तिन्हींचं संरक्षण आहे का ते वाचून घ्या. बरेच जण वाचत नाहीत आणि दाव्याच्या वेळी भांडतात.

शटर ओढतानाची दहा मिनिटं आणि घरापर्यंतचा रस्ता हा तुमचा दुसरा धोका, आणि तुमच्या पेठेत घडलं ते हेच. इथे पैसे खर्चून खरोखर फरक पडतो. दागिने घरी न्यायचे नाहीत. दुकानातच जमिनीत पक्की बसवलेली तिजोरी हवी, शक्यतो वेळेच्या कुलपाची, म्हणजे ठरलेल्या वेळेआधी तुम्हालाही उघडता येत नाही आणि तसं बाहेर लिहून ठेवता येतं. रोकड सोबत नेण्याऐवजी दिवसातून दोनदा बँकेत भरा. दरवाजा आतून बटण दाबल्याशिवाय उघडणार नाही असा करा. हेल्मेट आणि तोंडाला रुमाल घालून कोणी आत येणार नाही ही पाटी लावा आणि पाळा. गावातला ओळखीचा माणूस रागावेल, रागावू द्या. सीसीटीव्हीचा डीव्हीआर, म्हणजे चित्रण साठवणारी पेटी, दरोडेखोर उचलून नेतात, म्हणून चित्रण दुसरीकडेही साठलं पाहिजे. बंद करताना समोरच्या दुकानदाराशी जोडी लावा. तुम्ही शटर ओढताना तो बाहेर उभा राहील, तो ओढताना तुम्ही. पेठेतल्या सगळ्यांनी मिळून सायरन बसवला तर फारच छान. आणि ११२ हा नंबर कामगाराच्या फोनमध्येही एका बटणावर असू द्या.

हत्यारी पहारेकरी ठेवायचा विचार कोणी सुचवला, तर एजन्सीचा परवाना बघा आणि त्या माणसाचा शस्त्र परवाना महाराष्ट्रात चालतो का ते वाचून बघा. त्याची बंदूक ही त्याची. फेब्रुवारी २०२४ मध्ये दहिसरला माजी नगरसेवकाचा खून झाला तेव्हा मारेकऱ्याने वापरलेलं पिस्तूल त्याच्या अंगरक्षकाच्या नावावर होतं. मालकाच्या हातात ते कसं गेलं हा प्रश्न मग अंगरक्षकालाही विचारला गेला.

एवढं सगळं करूनही शस्त्र हवंच असेल तर ते कशासाठी, हे मनाशी नक्की असू द्या. रात्री घरात कोणी दार फोडून शिरलं, किंवा सुनसान रस्त्यावर जिवावर बेतलं, या दोन प्रसंगांसाठी. त्यासाठी तुम्हाला मी पॉइंट ३२ चं रिव्हॉल्व्हर घ्यायला सांगेन, पिस्तूल नाही.

पिस्तूल वाईट असतं असं नाही. इशापूरच्या कारखान्याचं पॉइंट ३२ चं 'अशनी' पिस्तूल अनेकांकडे आहे. पण पिस्तुलात मॅगझिन काढलं तरी एक राउंड वर चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या घरात, राहिलेला असू शकतो आणि तो दिसत नाही. 'मॅगझिन काढलंय, रिकामं आहे' असं म्हणत चाप दाबल्याने जगभर माणसं मेली आहेत. शिवाय काडतूस अडकलं तर ते सोडवायला सराव लागतो, आणि तुम्हाला सराव किती होणार? रिव्हॉल्व्हरचं सिलिंडर उघडलं की सहाच्या सहा घरं समोर दिसतात. काडतूस फुसकं निघालं तर पुन्हा चाप ओढला की पुढचं घर येतं. वर्षातून मोजक्या वेळा हाताळणाऱ्याला हा साधेपणा उपयोगी पडतो.

कानपूरच्या सरकारी कारखान्यांची रिव्हॉल्व्हरं सगळ्यात जास्त चालतात. जुनं पॉइंट ३२ वजनाला दणकट आणि मध्यातून मोडून उघडणारं. २०१४ मध्ये आलेलं 'निर्भीक' टायटॅनियम मिश्रधातूचं, वजन साधारण अर्धा किलो, महिलांसाठी म्हणून गाजावाजा झाला होता. २०२३ मध्ये आलेल्या 'प्रबल'चं सिलिंडर बाजूला उघडतं, भरायला आणि रिकामं करायला मला ते जास्त सोयीचं वाटतं. उत्तर प्रदेशातल्या संडीला इथे वेब्ली अँड स्कॉटचं रिव्हॉल्व्हरही बनतं. दुकानात गेल्यावर ब्रँड विचारण्याआधी ते हातात घ्या. मूठ पूर्ण बसते का? मनगट न वळवता पहिलं पेर चापापर्यंत पोचतं का? विक्रेत्याने रिकामं करून दाखवलेलं, तुम्ही स्वतः पुन्हा तपासलेलं रिव्हॉल्व्हर सुरक्षित दिशेला धरून, घोडा न चढवता नुसता चाप ओढून बघा. नळीचं टोक हलत असेल तर ते रिव्हॉल्व्हर तुमच्या बोटाला जड आहे. हलकं रिव्हॉल्व्हर खिशाला बरं, पण उडवताना झटका जास्त देतं. तुमच्यासारख्या घरी ठेवणाऱ्याने थोडं वजनदार घ्यावं. जुनं विकत घेत असाल तर घोडा चढवल्यावर सिलिंडर हातात खुळखुळतं का बघा आणि शस्त्रकारागिराकडून तपासून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

एक गोष्ट विक्रेत्याला आवर्जून विचारा. रिव्हॉल्व्हर हातातून पडलं आणि घोड्यावर आपटलं तर गोळी सुटू नये यासाठी आत अडसर आहे का? जुन्या बनावटीत अनेकदा नसतो. १ ऑक्टोबर २०२४ ची बातमी आठवत असेल. अभिनेते गोविंदा पहाटे कोलकात्याला निघण्याच्या गडबडीत होते, परवानाधारक रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवताना खाली पडलं आणि गोळी त्यांच्याच पायात गेली. अडसर नसेल किंवा खात्री नसेल तर घोड्याखालचं घर कायम रिकामं ठेवायचं. सहाऐवजी पाच. आणि पडणारं रिव्हॉल्व्हर झेलायला कधी जायचं नाही. झेलताना बोट चापात अडकतं.

बाकी हाताळणीचं कितीही सांगितलं तरी मूळ सवयी थोड्याच आहेत, पण त्या दररोज पाळाव्या लागतात. हातात घेतलं की पहिलं काम उघडून बघणं, आत्ता दोन मिनिटांपूर्वी बघितलं असलं तरी. दुसऱ्याला देताना उघडं द्यायचं, घेताना उघडं मागायचं. नळीचं तोंड ज्याच्यावर गोळी झाडायची नाही त्याच्याकडे एक क्षणही नको, यात स्वतःचा डावा हात आणि मांडी आली. लक्ष्य दिसून निर्णय होईपर्यंत बोट चापाच्या बाहेर, चौकटीवर सरळ. आणि लक्ष्याच्या मागे काय आहे? घरातल्या प्लायवूडच्या पार्टिशनमधून पॉइंट ३२ ची गोळी आरामात पलीकडे जाते, आणि पलीकडे तुमचा मुलगा झोपलेला असेल. म्हणून रिव्हॉल्व्हर घरी आणल्यावर पहिल्या रात्री घरातून एक फेरी मारा आणि कोणत्या भिंतीकडे कधीच गोळी झाडता येणार नाही ते ठरवा. बहुतेक घरांत जवळजवळ सगळ्याच भिंती निघतात. मग उरतं काय, तर सगळ्यांनी एका खोलीत येऊन आतून कडी लावणं, ११२ ला फोन करणं आणि त्या खोलीच्या दाराकडे तोंड करून बसणं. हे ऐकायला भित्रं वाटतं. अंधारात घरभर चोर शोधत फिरणारा परवानाधारक मला त्यापेक्षा जास्त धोकादायक वाटतो.

साफ करताना काडतुसं त्या खोलीतच नकोत. चाप दाबूनही गोळी सुटली नाही तर लगेच उघडू नका, नळी सुरक्षित दिशेला धरून किमान अर्धा मिनिट थांबा, काडतूस उशिरा पेटू शकतं. आवाज नेहमीपेक्षा फुसका आला तर पुढची गोळी झाडायची नाही, आधीची नळीतच अडकलेली असू शकते. चामड्याच्या होल्स्टरमध्ये ठेवून विसरू नका, पावसाळ्यात चामडं ओल धरतं आणि गंज चढतो. तेलाचा हात पुसून मगच काडतुसं भरा. दारू घेतलेल्या दिवशी शस्त्राला हात नाही, लग्नाच्या वरातीत तर नाहीच. हवेत गोळीबार करून दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला तर २०१९ पासून दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

ठेवायचं कुठे? गल्ल्याखाली नाही. कामगार, गिऱ्हाईक, झाडू मारायला येणारी बाई, सगळ्यांना ते आठवडाभरात कळतं. उशीखाली तर मुळीच नाही. भिंतीत पक्की केलेली छोटी पोलादी पेटी घ्या, आकडे दाबून उघडणारी. आकडे फक्त तुम्हाला ठाऊक, मुलाची जन्मतारीख नको. काडतुसं वेगळ्या कुलपात. मग संकटाच्या वेळी वेळ लागेल, हे खरं. पण संकट आयुष्यात एकदा आलं तर येईल, मुलगा आणि वडील रोज घरात आहेत. दुकान ते घर एवढ्या रस्त्यासाठी अंगावर बाळगायचं असेल तर कमरेच्या पट्ट्यावर चाप पूर्ण झाकणारं होल्स्टर हवं आणि वर शर्ट. शर्ट वर करून दाखवण्याची हौस असलेल्यांचे परवाने फार टिकत नाहीत. बीडमध्ये २०२४ च्या डिसेंबरनंतर परवान्यांची फेरतपासणी सुरू झाली आणि अनेक रद्द झाले, ते तुम्ही वाचलं असेल.

सरावाशिवाय घेऊ नका. नव्या परवान्यासाठी शस्त्र सुरक्षित हाताळण्याचं आणि ठेवण्याचं प्रशिक्षण घेऊन एस-१ नमुन्यातलं प्रमाणपत्र द्यावंच लागतं. अनेक जण ते नुसता कागद म्हणून उरकतात. तुम्ही खरं घ्या. शेजारचा कोल्हापूर जिल्हा तर नेमबाजांचाच आहे. राही सरनोबत, तेजस्विनी सावंत तिथल्याच, आणि पॅरिसला २०२४ मध्ये कांस्य जिंकलेला स्वप्नील कुसाळे राधानगरी तालुक्यातला. तिथे एअर पिस्तुलावर महिनाभर घालवा. चाप कसा ओढायचा हे तिथे जे कळेल ते रिव्हॉल्व्हर विकत घेऊन कळणार नाही. वहिनींनाही न्या. कदाचित महिन्यानंतर तुमचा शस्त्र घ्यायचा विचारच बदलेल. तसं झालेले लोक मी पाहिलेत आणि त्यांच्याबद्दल मला आदर आहे.

गोळी कधी झाडता येते? भारतीय न्याय संहितेची कलमं ३४ ते ४४ स्वसंरक्षणाच्या हक्काची आहेत, एकदा वकिलाकडून समजून घ्या. थोडक्यात, जीव जाण्याची किंवा गंभीर दुखापतीची रास्त भीती त्या क्षणी असेल तर समोरच्याचा जीव जाईपर्यंत हा हक्क जाऊ शकतो. जबरी चोरी आणि सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत झालेली घरफोडी यांतही मालमत्तेसाठी तो आहे. पण कलम ३७ म्हणतं की पोलिसांची मदत घ्यायला वेळ होता तिथे हा हक्क नाही, आणि गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही. सराफांच्या बाबतीत घोटाळा होतो तो इथे: दरोडेखोर पिशवी घेऊन मोटारसायकलवर बसला, निघाला, आणि मालकाने रागाने त्याच्या पाठीत गोळी घातली. कलम ४३ प्रमाणे जबरी चोरीत हा हक्क जिवाची किंवा इजेची तातडीची भीती असेपर्यंतच चालतो. पाठ फिरवून पळणाऱ्याच्या बाबतीत ती भीती सिद्ध करताना तुमच्या वकिलाला घाम फुटेल. आणि मागे बाजार भरलेला असतो. सगळं कायद्यात बसलं तरी शस्त्र जप्त होतं, चौकशी होते, तारखा पडतात. ही तयारी मनाची आणि पैशाची, दोन्ही हवी.

अर्जाचं आता पटकन सांगतो. तुमचा भाग पोलीस आयुक्तालयात येत नाही, तेव्हा अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात, ए-१ नमुन्यात. सोबत ओळख-पत्त्याचे पुरावे, वैद्यकीय प्रमाणपत्र, प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र. पोलीस ठाण्यातून चौकशी होईल, शेजाऱ्यांना विचारतील. नियमांमध्ये धंद्याच्या स्वरूपामुळे जीव किंवा मालमत्तेच्या रक्षणाची खरी गरज असलेला माणूस हे कारण मान्य आहे, आणि सराफ त्यात बसतो. पण 'भीती वाटते' एवढंच लिहू नका. दुकानाची नोंदणी, विवरणपत्रं, रोज किती मालाची ने-आण होते ते, पेठेतल्या घटनेच्या एफआयआरचा क्रमांक, तुम्हाला धमकी आली असेल तर तिची तक्रार, आणि आधी कोणते उपाय केले तेही लिहा. तिजोरी, दरवाजा, सायरन यांच्या पावत्या जोडा. नकार आला तर तो लेखी कारणांसह मागा, विभागीय आयुक्तांकडे अपील करता येतं. 'साहेबांना सांगून काम करून देतो' म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. परवाना मिळाला तर तो पाच वर्षांसाठी असतो. खरेदी झाल्यावर शस्त्र दाखवून त्यावर नोंद करून घ्या, आणि काडतुसं परवान्यावर लिहिलेल्या मर्यादेतच.

झोपेचं मात्र शस्त्रावर सोपवू नका. दोन महिने झोप नसेल तर डॉक्टरांना दाखवा, किंवा १४४१६ वर टेली-मानसला, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन करा, मराठीत बोलता येतं. झोप नसलेल्या माणसाने रात्री दाराच्या आवाजाला रिव्हॉल्व्हर उचलू नये, हेही एक कारण आहेच.

वहिनींचा विरोध तुम्ही पत्रात एका ओळीत संपवलात. त्या रोज तुमच्या शेजारी त्याच काउंटरवर बसतात, म्हणजे गोळीबार झाला तर त्याही त्यातच. त्यांना नेमकी भीती कसली आहे ते विचारा. वडिलांची, मुलाची, की तुमच्या रागाची? तिसरं उत्तर आलं तर अर्ज भरू नका. पहिली दोन आली तर दुनळी जमा केल्याची पावती आणि पेटी भिंतीत बसवल्याचा फोटो त्यांच्या हातात द्या आणि मग पुन्हा विचारा. तिजोरी आणि दरवाजाचं काम सुरू करायला त्यांच्या उत्तराची वाट बघायची गरज नाही.

वडिलांच्या बंदुकीसाठी तुमच्या नावे परवाना काढताना काही अडलं तर पुन्हा लिहा.